तिसरी-चौथीला वर्षात किती चाचण्या घ्यायच्या?

बालाघाटची_बाई

नमस्कार. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर मी आहे. पहिली-दुसरी आमच्या सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझी लेकरं २३. एक खोली, दोन वर्ग, दोन फळे.

सुट्टी लागल्यावर मी वर्षाची टाचण वही काढली आणि शिकवणं बाजूला ठेवून ज्या ज्या दिवशी परीक्षा घेतली, त्या तारखेवर लाल टिंब दिलं. टिंबं २९ भरली. पायाभूत चाचणीचे पाच दिवस: मराठी, गणित, इंग्रजीचे लेखी तीन आणि तोंडीचे दोन, कारण एकेका लेकराला जवळ बसवून बोलतं करायचं तर दोन दिवस लागतातच. दोन्ही सत्रांतल्या घटक चाचण्या तीन-तीन दिवस, झाले सहा. संकलित एक आणि संकलित दोन, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षा, मिळून तेरा. वाचन आणि गणनाचा स्तर पडताळायला पाच. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत. २०० तले २९. सहा दिवसांचा आठवडा धरला तर जवळजवळ दर आठवड्याला एक दिवस परीक्षेचा.

यात तपासणी धरलेली नाही. २०२३-२४ पासून तिसरी आणि पुढच्या वर्गांना पायाभूत आणि दोन्ही संकलित चाचण्यांचे पेपर वरून छापून येतात, आणि प्रत्येक लेकराचे प्रत्येक प्रश्नाचे गुण मोबाइलवर चॅटबॉटमध्ये भरावे लागतात. आमच्या शाळेत रेंज नाही. देवळाच्या ओट्यावर येते. मी तिकडे बसले की माझा वर्ग सरांकडे, म्हणजे एका माणसाकडे चार इयत्ता. अशा वेळी सर पाढे लिहायला लावतात. दुसरं काय करणार? त्या दुपारी मी वेगळ्या मोजल्या, ११ निघाल्या.

पण मी लिहायला बसले ती दिवस मोजायला नाही. माझ्या २३ लेकरांपैकी ९ जणांचे मायबाप ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली असते, दिवाळी झाली की ट्रॅक्टर लागतो. आजी-आजोबा धडधाकट असतील तर लेकरू मागं राहतं आणि हंगामी वसतिगृहात जेवतं. नसतील तर मायबापाबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, जातं. गेल्या वर्षी पाच गेली, सांगलीकडं तिघं आणि कर्नाटकात दोघं. तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवली. त्यातली दोघं तिकडच्या शाळेत थोडे दिवस बसली, बाकीची बसलीच नाहीत.

तिसरीतला एक मुलगा सांगते. ऑक्टोबरात तो शब्द वाचत होता. जोडाक्षर आलं की अडायचा, पण बोट ठेवून ओळ पूर्ण करायचा. एप्रिलात परत आला, आठ दिवसांत संकलित दोन लागली. पेपर हातात घेऊन तो नाव लिहायच्या जागेकडे बघत बसला. स्वतःचं नाव त्याला लिहिता येत होतं, दिवाळीआधी. मी शेजारी जाऊन बसले तर हळूच म्हणाला, "बाई, मी इसरलो." त्याला ३० पैकी ४ गुण पडले. ते ४ मी भरले. तो पाच महिने फडात होता, लहान बहिणीला सांभाळत होता, हे कुठं भरायचं, ती जागा मला सापडली नाही. चाचणीच्या दिवशी हजर का गैरहजर, एवढंच. तो हजर होता.

मला चाचणी नको, असं नाही. लेकरू कुठं आहे हे कळल्याशिवाय पुढं काय शिकवणार? पण या २९ दिवसांतले किती दिवस खरोखर त्याच्या कामाला आले, हा हिशेब मला लागत नाही. जे शिक्षक आहेत त्यांनी सांगावं: तुम्ही वर्षात किती चाचण्या घेता, त्यातल्या घ्याव्याच लागतात अशा कोणत्या, आणि कोणत्या आपण नुसती रीत म्हणून घेतो? आणि मधेच जाणाऱ्या-येणाऱ्या लेकरांचं तुम्ही काय करता?

---

तिसरीची_आई_पुणे

बाई, मी शिक्षिका नाही, पण तुमचं लिहिलेलं वाचून राहवलं नाही. माझी मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत तिसरीत आहे. तुमच्याकडे जाणारी-येणारी मुलं आहेत. आमच्याकडे सगळी मुलं रोज हजर, घरात आई-बाप दोघं शिकलेले, तरी चाचण्यांचं तसंच आहे. दोन मोठ्या परीक्षा, त्यांच्या आधी दोन नियतकालिक चाचण्या, दर सोमवारी स्पेलिंग, महिन्यातून एकदा पाढे. शिवाय शाळेतच फॉर्म वाटतात त्या ऑलिंपियाड, गणिताची वेगळी, विज्ञानाची वेगळी. ऐच्छिक म्हणतात, पण वर्गातल्या ३८ मुलांपैकी ३० जणांनी भरल्यावर उरलेल्या आठांना काय वाटतं ते त्यांनाच ठाऊक.

जानेवारीत सोमवारी सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. दोन सोमवार मी ओवा-पाणी दिलं. तिसऱ्या सोमवारी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट तपासलं आणि तिलाच विचारलं, "सोमवारी शाळेत काय असतं गं?" ती लगेच म्हणाली, स्पेलिंग. दहापैकी दहा पडले तर स्टार, नाहीतर पान परत लिहायचं. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी दर सोमवारी संध्याकाळी पहिला प्रश्न विचारत होते तो "किती पडले?" हाच. तो प्रश्न मी बंद केलाय. शाळेला पत्रही दिलंय, उत्तर आलेलं नाही.

तुमच्या त्या मुलाचं पुढे काय झालं ते नक्की कळवा.

---

निवृत्त_केंद्रप्रमुख_सातारा

बाई, आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझी ३४ वर्षं प्राथमिक शिक्षणात गेली, त्यातली शेवटची नऊ केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा, म्हणून.

आधी एक सांगतो. परीक्षा नव्हत्या तो काळ चांगला होता असं कोणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही. मी शाळेत होतो तेव्हा वर्षाअखेरची एक परीक्षा, आणि तीत नापास झालं की त्याच वर्गात. माझ्या शेजारी बसणारा मुलगा दुसरीत दोनदा नापास झाला आणि तिसऱ्या वर्षी गुरांमागे गेला. त्याला वाचता का येत नाही, हे वर्षभरात कोणी पाहिलं नव्हतं. शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं ते या मुलासाठी. 'सातत्यपूर्ण' म्हणजे रोज थोडं थोडं पाहत राहा. आपण त्याचा अर्थ केला, वारंवार पेपर घ्या.

२० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय शाळेच्या दप्तरात असेल. नसेल तर मिळवा आणि आकारिक मूल्यमापनाचा भाग पुन्हा वाचा. तिसरी-चौथीला आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता करायचं मूल्यमापन, ६० गुणांचं आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरचं, ४० गुणांचं. त्या ४० मधले १० तोंडी-प्रात्यक्षिकाचे, म्हणजे लेखी पेपर फक्त ३० चा. पहिली-दुसरीला तर आकारिकच ७०. आकारिकची साधनं आठ: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय व वर्गकार्य, आणि इतर. आठांतली चाचणी एक. आणि तिच्याबद्दल काय म्हटलंय? वेळापत्रक जाहीर न करता, अनौपचारिकपणे घ्यायची, छोट्या कालावधीची. पुस्तक उघडं ठेवून घेतली तरी चालते.

म्हणजे आपण म्हणता त्या तीन-तीन दिवसांच्या घटक चाचण्या, छापील वेळापत्रक आणि बाक लांब लांब करून, त्या निर्णयात नाहीतच. ती जुनी सहामाही-तिमाहीची सवय आहे. मीही केंद्रप्रमुख असताना पहिली काही वर्षं वेळापत्रक काढत होतो. एका तरुण शिक्षिकेने शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, उभं राहून हाच परिच्छेद मला वाचून दाखवला, तेव्हा थांबलो. तुमचे सहा दिवस तिथे मोकळे होतात.

पायाभूत चाचणीचं मात्र मी समर्थन करीन. जून २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला तेव्हा ती सुरू झाली. त्याआधी चौथीच्या वर्गात उभं राहून आम्ही चौथीचं पुस्तक उघडायचो आणि समोरची निम्मी मुलं दुसरीच्या पातळीवर आहेत हे दिवाळीला कळायचं. पायाभूतमध्ये मागच्या इयत्तेचं काय पक्कं आहे ते पाहतात. वर्षाच्या सुरुवातीला ते पाहायलाच हवं. फक्त पेपर तपासून गठ्ठा बांधला की ती वाया गेली. मी शिक्षकांना एक वही करायला सांगत असे, 'चुकांची वही'. गुण लिहायचे नाहीत. वजाबाकीत हातचा घेतला पण दशकातून कमी केला नाही, अशा मुलांची नावं एका पानावर. मोठ्या अंकातून लहान वजा करायचा म्हणून वरचा-खालचा न बघता उलटं वजा करणारे दुसऱ्या पानावर. दोघांचेही ५ पैकी ०, पण दोघांना शिकवायचं वेगळं आहे. गुणांच्या रकान्यात हा फरक दिसत नाही. पान बनवायला एक संध्याकाळ लागते आणि पुढचे दोन महिने ते पुरतं.

वाचनाच्या पडताळणीचे पाच दिवसही वेगळे काढू नका. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही पातळी पाहायला एका मुलाला दोन-तीन मिनिटं लागतात. परिपाठ झाल्यावर बाकीचे स्वाध्याय करत असताना रोज पाच मुलं जवळ बोलवा. पाचव्या दिवशी २३ संपतात. सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. वर्ग थांबत नाही, आणि वर्षात तीस वेळा वाचन ऐकून होतं.

एप्रिलबद्दल. २०२५ साली राज्यभर एकच वेळापत्रक लावून परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशी पुढे नेली. उन्हामुळे आणि १ मेच्या निकालाच्या घाईमुळे शिक्षक नाराज होते, ते रास्तच होतं. पण आधी काय व्हायचं? परीक्षा उरकली की एप्रिलचा उत्तरार्ध शाळा ओस पडायची. ऊसतोडीहून परतणाऱ्या मुलांसाठी तर तेच दिवस मोलाचे. आपल्या मुलाचा पेपर आठ दिवसांत आला. तो थोडा आणखी उशिरा येता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

---

भुदरगडचा_मास्तर

बाई, सर, दोघांचंही वाचलं. माझं थोडं वेगळं आहे, स्पष्ट लिहितो.

मी कोल्हापूर जिल्ह्यात आहे. आमच्याकडं शिष्यवृत्ती परीक्षा म्हणजे गावाची परीक्षा असते. निकालाच्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. मी पाचवीला शिकवतो. सकाळी ९ ला पोरं येतात, एक तास जादा. सुट्टीत पण येतात, कोणी सक्ती करत नाही. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. पहिला भाषा-गणिताचा, दुसरा इंग्रजी-बुद्धिमत्तेचा. मी डिसेंबरपासून दर शनिवारी सराव पेपर घेतो. वर्षात वीसेक होतात. तुमच्या हिशेबानं ते पण दिवस वायाच धरायचे काय?

माझा बाप हमाली करायचा. मी चौथीत असताना माझ्या गुरुजींनी कंदिलावर बसवून माझ्याकडून असले पेपर सोडवून घेतले. शिष्यवृत्ती लागली, रक्कम फार नव्हती, पण बापाला पहिल्यांदा वाटलं की पोरगं शिकू शकतंय. नाहीतर मी पण मार्केट यार्डातच असतो. नवोदय निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचं पण तसंच. ८० प्रश्न, दोन तास, आणि निदान ७५ टक्के जागा खेड्यातल्या पोरांना. शहरातल्या पोराला दारं पुष्कळ आहेत. आमच्या पोराला एक-दोनच, आणि त्या दारावर परीक्षाच बसलीय. ती द्यायची सवय नऊ-दहाव्या वर्षी लागली नाही तर पुढं दहावीला, भरतीला पोरगं कागद बघून थरथरतं. म्हणून चाचणी कमी करा म्हटलं की मला काळजी वाटते. कमी कुणाच्या होतील? गरिबाच्याच पोरांच्या. पैसेवाले क्लास लावतील.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. शिष्यवृत्ती २०१६-१७ पासून चौथीची पाचवीला नेली तेव्हा आम्ही विरोध केला होता. चौथीचा निकाल म्हणजे शाळेची शान. आता ती परत चौथी-सातवीला आणायचा निर्णय झालाय. गेली वर्षं पाचवीच्या पोरांबरोबर काम केल्यावर मला आतून वाटतं की ते एक वर्ष उपयोगाचं होतं. नऊ वर्षांचं पोरगं उत्तरपत्रिकेवर गोल काळं करताना एक ओळ चुकतं आणि खालचे सगळे गोल चुकतात. गणित येतंय, गोल चुकला. दहाव्या वर्षी ते कमी होतं. हे मी आमच्या संघटनेच्या बैठकीत बोललो, कुणाला आवडलं नाही.

आणि सर, चुकांच्या वहीचं पटलं. मी सराव पेपरनंतर फक्त गुण फळ्यावर लावतो. पहिला नंबर ते शेवटचा.

---

बालाघाटची_बाई

भुदरगडचे सर, तुमचे दिवस मी वाया धरत नाही. तुमचं पोरगं त्या पेपरला स्वतः बसतं आणि त्यातून त्याला काहीतरी मिळतं. माझा मुलगा ज्या पेपरला बसला त्यातून त्याला काय मिळालं, हे मी शोधतेय.

पण शेवटच्या नंबराचं पोरगं रोज तो फळा बघतं, सर. एवढं एक बदलून बघा ना.

---

स्लाव_आई

स्लाव हे लंडनच्या पश्चिमेचं गाव, इथे आपली मराठी घरं पुष्कळ आहेत. मी मूळची नाशिकची. गेली सहा वर्षं इथल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत वर्गसहायक आहे, म्हणजे शिक्षिकेच्या हाताखाली मागे पडणाऱ्या मुलांना गटात घेऊन बसते. म्हणून इकडचं सांगते.

इंग्लंडमध्येही चाचण्यांवरून पालक-शिक्षक सतत भांडतात. मूल चार वर्षांचं असताना शाळेत आलं की पहिल्या सहा आठवड्यांत एक पायाभूत पाहणी होते, २०२१ पासून. पहिलीच्या शेवटी उच्चारांची तपासणी. दुसरीच्या परीक्षा २०२३-२४ पासून सक्तीच्या राहिल्या नाहीत. चौथीला पाढ्यांची तपासणी आणि सहावीच्या मे महिन्यात चार दिवसांची मोठी परीक्षा. शाळेचं नाव त्या सहावीच्या निकालावर ठरतं, त्यामुळे जानेवारीपासून सहावीच्या वर्गात चित्रकला, इतिहास सगळं आकसतं. ते मला अजिबात पटत नाही.

पण दोन तपासण्या तुम्हाला उपयोगी पडतील असं वाटलं. पाढ्यांची तपासणी संगणकावर होते, २५ प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. पास-नापास नाही. साताठ मिनिटांत मूल परत वर्गात. सहा सेकंदांचं दडपण काही मुलांना येतं, माझ्या मुलीला आलं. तरी ती एकदाच असते आणि तिच्यासाठी अख्खा दिवस मोडत नाही.

दुसरी उच्चारांची. मूल शिक्षिकेपाशी एकटं बसून ४० शब्द मोठ्याने वाचतं. त्यातले २० शब्द खोटे असतात, भाषेत नसलेले. शेजारी एका परग्रहावरच्या प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मुलाला कळतं की हे त्या प्राण्याचं नाव आहे, अर्थ शोधायचा नाही. का? कारण पाठ झालेलं मूल ओळखीचा शब्द नुसता बघून म्हणतं आणि आपल्याला वाटतं वाचतंय. खोटा शब्द पाठ असू शकत नाही. मी हे रविवारच्या आमच्या मराठी वर्गात करून पाहिलं. 'लेमकी', 'खिडोर', 'पमूठ' असे शब्द केले. धडा घडाघडा म्हणणारी दोन मुलं 'खिडोर'पाशी थांबली. वेलांटी कुणाची, हेच त्यांना माहीत नव्हतं. इतके दिवस मी त्यांना पुढच्या पुस्तकात ढकलत होते.

तुमचा तो मुलगा परत आला की त्याला असे दहा शब्द देऊन पाहा. ऑक्टोबरात तो खरंच वाचत होता का काही शब्द त्याच्या नजरेत बसले होते, ते कळेल. पाच महिन्यांत वाचन इतकं कसं गेलं, याचं उत्तर कदाचित तिथे असेल.

---

बालाघाटची_बाई

उशीर झाला, माफ करा. शाळा सुरू झाली, मग पाऊस, मग पायाभूत. सगळ्यांचं वाचलं, काही करून पाहिलं, ते सांगते.

केंद्रप्रमुख सर, २०१० चा निर्णय दप्तरात नव्हता. शेजारच्या गावच्या निवृत्त गुरुजींकडे मिळाला, पिवळी पडलेली झेरॉक्स. जुलैच्या शिक्षण परिषदेत मी तो परिच्छेद वाचून दाखवला. हात थरथरत होते, खरं सांगते. आमचे केंद्रप्रमुख आधी म्हणाले, सगळ्या केंद्राचं वेळापत्रक एकच असतं, तुम्हाला एकटीला कसं सोडू? मग दोन जुन्या शिक्षकांनी तेच म्हटलं जे मी म्हटलं. यंदा पहिली घटक चाचणी वेळापत्रकाशिवाय घ्यायची, ज्यानं त्यानं आपल्या वर्गात, असं ठरलं. दुसऱ्या चाचणीचं दिवाळीनंतर बघू म्हणाले.

चॅटबॉटचं काही बदललं नाही. भरावंच लागतं. यंदा सर आणि मी मिळून शाळा सुटल्यावर ओट्यावर बसलो, सर वाचत गेले, मी भरत गेले. तीन संध्याकाळी गेल्या, पण वर्ग मोडला नाही.

रोज पाच लेकरं ऐकते. पहिल्या आठवड्यात बाकीच्यांनी गोंधळ घातला, दोन वर्ग आणि त्यात मी कोपऱ्यात. मग चौथीच्या दोन मुलींना तिसरीच्या गटात बसवलं. आता लेकरं स्वतः विचारतात, आज माझा नंबर का? चुकांच्या वहीत हातच्याच्या पानावर ८ नावं होती, आता ३ आहेत. उलटं वजा करणाऱ्यांचं पान अजून तसंच आहे. त्यांना काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले, तरी कागदावर आले की पुन्हा तेच. कुणाला काही सुचलं तर सांगा.

मधेच जाणाऱ्यांसाठी एक केलंय. शिक्षण हमी कार्डासोबत मी एक पान देणार आहे. गुण नाहीत, ग्रेड नाही. 'याला काना, मात्रा, वेलांटी येते. जोडाक्षर येत नाही. ५० पर्यंत मोजतो. बिनहातच्याची वजाबाकी येते.' तिकडं ज्या बाई किंवा गुरुजींसमोर हे लेकरू बसेल, त्यांनी निदान पुन्हा परीक्षा घेण्यात आठवडा घालवू नये. आणि परत येईल तेव्हा तेच पान घेऊन मी पुढं सुरू करीन. सांगली किंवा कर्नाटक सीमेवरच्या शाळांत कोणी शिक्षक हे वाचत असतील तर असं पान घेऊन आलेलं लेकरू दिसलं की त्यावर दोन ओळी लिहून परत पाठवा, एवढी विनंती.

तिसरीची आई, त्या मुलाचं तुम्ही विचारलं होतंत. तो आता चौथीत आहे. जूनमध्ये त्याच्यापुढे खोटे शब्द ठेवले. स्लावच्या ताईंचा अंदाज बरोबर निघाला. पहिल्या दहापैकी त्याला दोन वाचता आले. काना येत होता, वेलांटी-उकार आलं की तो अंदाजानं ओळखीचा शब्द म्हणायचा. म्हणजे ऑक्टोबरात मीच त्याला वाचता येतं असं धरून चालले होते. तेव्हा हे कळलं असतं तर दिवाळीआधीचे तीन आठवडे मी नुसत्या वेलांटी-उकारावर घालवले असते.

महिनाभर तेच केलं. काल त्याचा नंबर होता. दहापैकी आठ वाचले. नवव्याला अडला, परत मागं गेला, बोट ठेवलं आणि म्हटला. मग माझ्या हातातला खडू घेतला आणि म्हणाला, "बाई, आता मी लिवतो, तुमी वाचा." पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'टुमिक'. मी वाचलं. वेलांटी बरोबर जागी होती. आता बाकीची लेकरंही पाट्या घेऊन रांगेत उभी आहेत.

त्याचे मायबाप यंदा दसऱ्यानंतर पुन्हा निघणार आहेत. आजी आहे, पण तिचे डोळे गेलेत. वसतिगृह वेळेवर सुरू झालं तर त्याला इथंच ठेवू, असं आईनं कबूल केलंय. कुणाच्या गावात हंगामी वसतिगृह दिवाळीच्या आधी सुरू करून घेतलं असेल तर प्रस्ताव कधी आणि कसा दिला, ते मला लिहा.